उपचाराची पारख आणि रोग्याची सही

दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. लालबागच्या आमच्या कचेरीत एका संध्याकाळी एक जुना सहकारी आला. गिरणी बंद पडल्यावर तो एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला होता. गालाच्या आतल्या बाजूस बरी न होणारी जखम, तिचा तुकडा काढून तपासलेला, आणि रोगाचे नाव पक्के झालेले. हातात मराठीत छापलेला सातआठ पानांचा कागद होता. तो म्हणाला, "भाऊ, ह्यावर सही केली तर मला संशोधनात घेतील म्हणतात. नाही केली तरी उपचार होतीलच म्हणतात. मग सही कशाला पाहिजे? आम्ही काय उंदीर आहोत?" आम्ही तो कागद न वाचताच त्याला सांगितले, "सही करू नकोस."

आमच्या उत्तराला कारण होते. एका गिरणीत स्वेच्छानिवृत्तीच्या कागदांवर कामगारांचे अंगठे कसे घेतले गेले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. कागद वाचून दाखवणारा मालकाचा माणूस, साक्षीदार मालकाचा माणूस, आणि अंगठा तेवढा कामगाराचा. त्या दिवसापासून छापील कागद आणि गरिबाची सही एकत्र दिसली की आमचा हात आपोआप आडवा जातो. परंतु तो सहकारी आमच्याहून शहाणा निघाला. म्हणाला, "आधी वाचा तरी." त्या रात्री आम्ही तो कागद दोनदा वाचला, निम्मा समजला, आणि उरलेला समजून घेण्यासाठी पुढे बरीच वर्षे विचारपूस व वाचन करीत राहिलो. आम्ही वैद्य नव्हे, कोणत्या कॉलेजचे पदवीधरही नव्हे. तेव्हा पुढील विवेचनात एका सामान्य परळकराला जे उमगले तेवढेच आहे.

परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून गिरणगावाच्या मध्यावर ही इमारत उभी राहिली. १९६२ साली तिचा कारभार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे गेला. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे का, असे पुष्कळजण विचारतात. किरणोपचार हे त्याचे सोपे उत्तर. पण ही संस्था सरकारी पैशावर चालते, ह्या गोष्टीला पुढे फार अर्थ आहे, म्हणून ती येथेच सांगून ठेवतो.

संशोधन ही ह्या रुग्णालयाला मागाहून जडलेली हौस नव्हे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे तेथील विकृतिशास्त्रज्ञ. त्यांनी व डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात भारतीय माणसाच्या सवयींतून होणारे तीन प्रकारचे कर्करोग मांडले. त्यांत एक खालच्या ओठाच्या खोबणीत तंबाखू-चुन्याची गोळी धरून ठेवणाऱ्यांचा होता, आणि एक कमरेला धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने कातडीला होणारा. आपल्याकडच्या रोगाचे कारण आपल्याकडच्या माणसाच्या राहणीत शोधायचे, ही दृष्टी त्या काळी नवी होती. गिरणीत कापसामुळे विडी ओढायला मनाई, म्हणून तंबाखू मळून तोंडात धरायची, हे आमच्या पिढीने घरोघर पाहिले आहे. त्या गोळीचा हिशेब परळच्याच सूक्ष्मदर्शकाखाली मांडला जात होता, हे मात्र आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

रोगाचे कारण शोधणे ही एक गोष्ट झाली. दोन उपचारांपैकी चांगला कोणता, हे ठरविणे ही अगदी वेगळी. आणि गैरसमज आहेत ते सगळे ह्या दुसरीविषयी.

सर्वसाधारण माणूस म्हणेल, ह्यात अवघड ते काय? मोठ्या डॉक्टरला विचारा, त्याने हजारो रोगी पाहिले आहेत. पण मोठ्या डॉक्टरच्या अनुभवात एक खोट असते, आणि ती त्याच्या प्रामाणिकपणाची नव्हे. समजा, एक नवी शस्त्रक्रिया निघाली. डॉक्टर ती साहजिकच धडधाकट, तरुण, जेवणखाण बरे असलेल्या रोग्यावर करणार; खंगलेल्याला जुनाच सौम्य उपचार देणार. पाच वर्षांनी नव्या शस्त्रक्रियेचे रोगी जास्त जगलेले दिसतील. ते शस्त्रक्रियेने जगले की मुळात धडधाकट होते म्हणून? हे सांगता येत नाही.

ह्या अडचणीचा एक जुना नमुना आपल्याच शहरात सापडतो. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगाचा कहर असताना डॉ. हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर तेथील कैद्यांना दिली. जे पुढे आले त्यांना टोचले; सुमारे निम्मे पुढे आले, बाकीचे आले नाहीत. टोचलेल्यांत रोग पुष्कळ कमी झाला. लस उपयोगी आहे असे त्यावरून म्हटले गेले, आणि ते खरेही होते. तरी दोन शंका उरतात. पुढे येणारे आणि मागे राहणारे मुळात सारखे होते काय? आणि तुरुंगातल्या माणसाने "हो" म्हटले, त्या "हो"ची किंमत किती? हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि आज त्यांच्याच नावाची संस्था तेथे उभी आहे. आमच्या सहकाऱ्याने विचारलेले दोन्ही प्रश्न, म्हणजे खरे कसे कळणार आणि आमच्या संमतीला अर्थ काय, हे परळच्या वाऱ्यावर शंभरावर वर्षे फिरत आहेत.

पहिल्या शंकेवर तोड निघाली ती सोडतीची. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन औषधाची परीक्षा प्रसिद्ध झाली. औषध अपुरे होते, सर्वांना पुरणार नव्हते. तेव्हा कोणाला द्यायचे हे डॉक्टरने न ठरवता आधी करून ठेवलेल्या यादृच्छिक क्रमावरून ठरविले. गणिती होते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. सोडतीचा गुण असा की तिला चेहरा दिसत नाही. तरुण-म्हातारे, धडधाकट-खंगलेले, खोलीतले-फुटपाथवरचे, सारे दोन्ही गटांत सारखे विखुरले जातात. संख्या पुरेशी मोठी असली की दोन गटांत फरक उरतो तो एकच, उपचाराचा.

गिरणी कामगाराला सोडत म्हणजे काय हे शिकवायला नको. २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली, तेव्हा ज्यांचे नाव लागले नाही त्यांची तोंडे आम्ही पाहिली आहेत. म्हणूनच उपचारासाठी सोडत म्हटले की आमच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पण दोन सोडतींत एक मूलभूत भेद आहे. घराच्या सोडतीत जिंकलेला कोण हे त्याच क्षणी कळते. उपचाराच्या सोडतीत कोणती चिठ्ठी भाग्याची, हे सोडत काढणाऱ्यालाही ठाऊक नसते. ठाऊक असेल तर ती सोडत काढण्याचा त्याला अधिकारच नाही. दोन उपचारांपैकी अधिक चांगला कोणता ह्याविषयी जाणत्यांमध्ये खराखुरा वाद असला, तरच अशी परीक्षा न्याय्य. हा सगळ्या प्रकरणाचा कणा होय, आणि कागद वाचताना आम्हाला सर्वांत उशिरा समजला तो हाच.

असा खराखुरा वाद कसा असतो, ते तोंडाच्या कर्करोगावरूनच पाहू. गाठ लहान आहे, मानेत हाताला काहीही लागत नाही. शस्त्रक्रियेत तोंडातील गाठ तर काढायचीच. पण मानेतील ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात की नाही? एक पक्ष म्हणे, काढा. रोग डोळ्यांना दिसत नसला तरी आत पोचलेला असू शकतो. दुसरा म्हणे, थांबा. पुष्कळांच्या ग्रंथींत काहीच नसते, आणि त्या काढल्याने खांदा अधू होतो. ओझे उचलणाऱ्याचा खांदा म्हणजे त्याची रोजी. दोन्ही पक्षांत नामांकित शल्यविशारद होते, आणि वाद कित्येक दशकांचा. टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून सोडतीने परीक्षा घेतली. ७१० रोगी घ्यावयाचे ठरले होते. मध्यंतरी ५०० रोग्यांचा हिशेब पाहिला, तेव्हा ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी शंभरात ८० जिवंत होते, आणि वाट पाहिलेल्यांपैकी ६७ ते ६८. हिशेब पाहणारी समिती वेगळी असते. तिच्या सल्ल्याने नवे रोगी घेणे ५९६ वर थांबले. वाद मिटल्यावर सोडत चालू ठेवणे अन्याय ठरला असता. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला, आणि जगभरच्या डॉक्टरांनी तो मानला.

शंभरामागे बाराजण. आमच्या परिचयातल्या चाळींतून अशी बाराजणांची यादी आम्ही एका दमात सांगू शकतो.

दरवेळी जास्तीचा उपचारच जिंकतो असे मात्र नव्हे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात किरणोपचार व सोबत औषध हा रुळलेला मार्ग. त्याऐवजी आधी औषध देऊन गाठ लहान करावी व मग शस्त्रक्रिया करावी, हे ऐकायला किती पटते! परळलाच सहाशेहून अधिक स्त्रियांवर ह्याची परीक्षा झाली. २०१८ मध्ये निकाल आला, तो पाच वर्षांनी रोगमुक्त राहण्याच्या बाबतीत जुन्या किरणोपचाराच्या बाजूने. कानाला पटते म्हणून अंगाला लागू पडते असे नाही.

आता त्या परीक्षेकडे वळतो जिच्यावर सर्वांत जास्त स्तुती आणि सर्वांत जास्त टीका झाली. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर ती चालली. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि डॉ. इंद्रनील मित्रा ही त्यातली प्रमुख नावे. वस्त्यांचे वीस गट केले, आणि सोडतीने दहा एकीकडे, दहा दुसरीकडे. एका बाजूच्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी अशी चार वेळा तपासणी. तपासणारी डॉक्टर नव्हे, तर दहावीपर्यंत शिकलेली, चार आठवडे शिक्षण दिलेली आरोग्यसेविका. साधन म्हणजे सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचेच भावंड. ते गर्भाशयाच्या मुखाला लावले की बिघडलेली जागा मिनिटभरात पांढरी दिसते. पांढरे दिसले तर पुढची तपासणी व उपचार रुग्णालयात. बारा वर्षांनी हिशेब झाला. रोग दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात आढळला होता. पण त्याने होणारे मृत्यू, लाखामागे वर्षाला, न तपासलेल्यांत १६.२ आणि तपासलेल्यांत ११.१. म्हणजे ३१ टक्क्यांनी कमी. २०१३ साली हे जाहीर झाले. त्याच स्त्रियांची स्तनांची तपासणीही सेविका हाताने करीत. तिचा वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला, तेव्हा पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा लाभ दिसला नाही.

टीका कोणती? दुसऱ्या बाजूच्या सुमारे ७६ हजार स्त्रियांना एकदा माहिती सांगितली, रोग झाल्यास उपचारांची वाट दाखवली, पण तपासणी दिली नाही. परदेशातील टीकाकार म्हणाले, तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांत आधीच माहीत होते. मग ह्या बायांना वाट पाहायला का लावले? त्यांना हे सारे नीट सांगितले होते काय, हाही प्रश्न निघाला. संशोधकांचे उत्तर असे की श्रीमंत देशांतली तपासणी वेगळी, प्रयोगशाळेवर चालणारी. व्हिनेगरची ही पद्धत मृत्यू कमी करते हे कोणी दाखवले नव्हते. आणि ह्या देशात त्या स्त्रियांना एरवी कोणतीच तपासणी मिळत नव्हती. निकालानंतर त्या दुसऱ्या बाजूच्या स्त्रियांनाही तपासणी देण्याचे ठरले.

आम्ही ह्यावर बराच विचार केला आहे, आणि आमचे मत कोणत्याच एका बाजूला पूर्ण बसत नाही. "एरवी काहीच मिळत नव्हते" हे खरे. पण हे "काहीच नाही" आकाशातून पडलेले नव्हते, ते अंदाजपत्रकातून आलेले होते. त्याबद्दल संशोधकाला फाशी देऊन सरकारला मोकळे सोडणे आम्हाला पटत नाही. निकाल हातात आल्यावर काय झाले ते पाहावे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशीपुढील स्त्रियांसाठी ह्याच तपासणीची मार्गदर्शक योजना काढली. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के! ज्या बायांनी वाट पाहून हे ज्ञान देशाला दिले, त्यांच्या देणग्याची ही परतफेड. आमचा राग कोणाला हवा असेल तर तो येथे आहे.

पुढे सरकारी पैशाची गोष्ट येते. औषधाची परीक्षा कंपनीही घेते, आणि त्यात गैर काही नाही. पण कंपनी तीच परीक्षा घेईल जिच्यातून माल खपेल. औषध कमी द्या असे सिद्ध करायला कोणती कंपनी पैसे घालील? परळला ते झाले. शरीरातील रक्षक पेशींवर कर्करोग जो लगाम घालतो, तो सोडवणारे निव्होलुमॅब नावाचे औषध आहे. एरवी ते २४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी देतात, आणि त्याची किंमत आपल्या देशात अगदी थोड्यांच्या आवाक्यातली. बरे होण्यापलीकडे गेलेल्या, डोके व मानेच्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांना सोडतीने विभागून, निम्म्यांना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधे आणि निम्म्यांना तीच अधिक ह्या औषधाचे फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी दिले. एका वर्षानंतर पहिल्या गटात शंभरात १६ जिवंत, दुसऱ्यात ४३. कोणी हा "इलाज सापडला" असा अर्थ घेऊ नये. मधला आयुष्यकाळ पावणेसात महिन्यांवरून दहा महिन्यांवर गेला, इतकेच. पण ज्याच्या मुलीचे लग्न आठव्या महिन्यात आहे त्याला हे "इतकेच" किती मोठे, ते सांगायला नको.

तसेच डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम. स्तनातील गाठ काढण्यापूर्वी सातदहा मिनिटे तिच्या सभोवती लिग्नोकेनची सुई द्यायची. हे तेच बधिर करण्याचे औषध, जे दात काढताना देतात. अकरा रुग्णालयांत सोळाशेच्या जवळपास स्त्रियांवर परीक्षा झाली. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या, सुई न दिलेल्यांत ८६.४ टक्के, दिलेल्यांत ९०.१. खर्च शंभर रुपयांच्या आसपास. ह्यातून कोणाचाही नफा होत नाही, म्हणूनच ते सरकारी रुग्णालयात व्हावे लागले.

आता पुन्हा त्या कागदाकडे. एक गोष्ट कबूल केली पाहिजे की ह्या देशात रोग्याला न सांगता, किंवा अर्धवट सांगून, प्रयोग झालेले आहेत; त्यामुळे न्यायालयात दाद मागावी लागली आणि नियम कडक झाले. सध्याचे नियम २०१९ चे. त्यांनुसार प्रत्येक संशोधन आधी नीतिसमितीपुढे जाते. समितीत किमान सात माणसे. त्यांत कायदा जाणणारा एक, स्त्री एक, आणि वैद्यकाशी संबंध नसलेला सामान्य नागरिक एक हवाच. निम्मे सभासद त्या संस्थेबाहेरचे. ("मालकाचा साक्षीदार" ह्या आमच्या जुन्या दुखण्यावर हे औषध आहे, ते लागू पडते की नाही हे ते बाहेरचे सभासद बोलतात की नुसते चहा पितात ह्यावर अवलंबून.) कागद रोग्याच्या भाषेत हवा, आणि त्याची एक प्रत त्याच्या घरी जायला हवी. वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. केव्हाही, कारण न देता, बाहेर पडता येते आणि नेहमीचे उपचार चालूच राहतात. संशोधनामुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई. शिवाय परीक्षा सुरू होण्याआधीच सरकारी नोंदवहीत तिची नोंद करावी लागते, म्हणजे निकाल गैरसोयीचा आला तर तो गिळून टाकता येऊ नये.

संमतीची खरी परीक्षा मात्र कागदावर नसून फुटपाथवर आहे. रुग्णालयाचा रस्ता डॉ. अर्नेस्ट बोर्जेस ह्या तेथल्याच शल्यविशारदाच्या नावाचा. त्या रस्त्यावर विदर्भातून, बिहारमधून आलेली कुटुंबे पथाऱ्या टाकून राहतात. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत जागा मिळाली तो नशीबवान. अशा माणसाला "तीन महिन्यांनी पुन्हा या" म्हटले की तो येईलच असे नाही. आणि परीक्षेचा सगळा हिशेब तर पुन्हा येण्यावर उभा. न आलेला जिवंत आहे की गेला, हे न कळल्याने निकालच लंगडा होतो. म्हणजे राहायची जागा, गाडीभाडे आणि बुडालेली रोजी ह्या दयाधर्माच्या बाबी नव्हेत, त्या संशोधनाच्याच बाबी आहेत. येथे कामगार संघटनेला काम आहे. राज्य कामगार विमा योजनेत असलेल्या कामगाराला, वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील तर, कर्करोगासारख्या दीर्घ आजारात वाढीव आजारभत्ता मिळतो: मजुरीच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. हे ठाऊक नसल्याने रजा संपताच नोकरी सोडून गावी गेलेले कित्येक आम्ही पाहिले.

त्या सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले, आम्ही दोघांनी मिळून लिहून काढलेले. दोन्हीपैकी चांगला उपचार कोणता हे तुम्हाला माहीत आहे काय? मी नाही म्हटले तर मला काय द्याल? मधेच सोडले तर माझा केसपेपर बंद होईल काय? डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पहिल्या प्रश्नाला सरळ "नाही, माहीत नाही" असे उत्तर दिले, आणि त्याच उत्तरावर त्याने सही केली. त्याला कोणती चिठ्ठी निघाली हे त्याने आम्हाला सांगितले होते. ते त्याच्यापाशीच राहू द्यावे. तपासणीच्या तारखा आमच्या कचेरीच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या असत, आणि त्या दिवशी गोदामावर पहाऱ्याला बदली माणूस आम्ही धाडत असू. कागदाची प्रत त्याने शिधापत्रिकेच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. तंबाखूची चंची त्याच्या बायकोने पहिल्याच आठवड्यात खिडकीतून फेकली.